वहिनी, नियमात बसतंय ना?

कर्वेनगरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देतो.

ताईंच्या घरी दर रविवारी दुपारी चारपासून डायनिंग टेबलावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' मांडला जातो. (ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट रचतो आणि पंचाचं कामही करतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत उतरतात. काय जमलं आणि काय फसलं ते फासे ठरवतात.) ताई डीएम. खेळणारे चौघं: नवरा 'रोग' (भामटा चोर), धाकटा दीर 'बार्बेरियन' (रांगडा योद्धा), ऑफिसातला एक मित्र 'क्लेरिक' (पुरोहित) आणि खालच्या मजल्यावरची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी 'विझार्ड' (जादूगार). सगळे पाचव्या लेव्हलला, नियम २०१४च्या आवृत्तीचे.

तीन महिन्यांपूर्वी भुयारात एक मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा राक्षस) मेला आणि दिरानं त्याची कुऱ्हाड उचलली. साधी दुहाती कुऱ्हाड एक डी-१२ (बारा बाजूंचा फासा) डॅमेज, म्हणजे इजा, करते, मिनोटॉरची दोन. ताईंनी हसत 'घे बाबा' म्हटलं. शस्त्र आकाराला मोठं, म्हणून वार करताना डिसॲडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा, असंही सांगितलं. पुढच्याच रविवारी दिरानं बार्बेरियनचा रेकलेस अटॅक काढला. त्यात ॲडव्हांटेज, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा धरणं, मिळतो, दोन्ही एकमेकांना कापतात आणि फासा सरळ पडतो. महिनाभरात दुसरी युक्ती आली. लढाईआधी कुऱ्हाड जमिनीवर ठेवायची, विझार्डकडून एनलार्जचा मंत्र टाकून घ्यायचा, स्वतः मोठं व्हायचं आणि मग कुऱ्हाड उचलायची. आता शस्त्र त्याच्या मापाचं, डिसॲडव्हांटेज गायब. ताई काही बोलायला गेल्या की तो पुस्तक उघडून म्हणतो, 'वहिनी, नियमात बसतंय ना?' नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. आतून सासूबाई म्हणतात, 'अगं करू दे की त्याला, खेळच तर आहे.'

ताई लिहितात: 'खऱ्या आयुष्यात एवढी कुऱ्हाड कोणी फिरवू शकेल का? पण नियमाप्रमाणे तो बरोबर आहे, म्हणून मला गप्प बसावं लागतं. माझे सगळे राक्षस दोन फेऱ्यांत मरतात. विझार्डवाल्या मुलीची तर काही तक्रारच नाही, ती बिचारी पहिल्या फेरीत त्याला मोठं करून देते आणि मोबाइल बघत बसते. ही पळवाट मी बंद करू शकते का? आणि केली तर घरात वाईटपणा न घेता कशी करू?'

ताई, मी आधी त्या कुऱ्हाडीचं वजनच काढून पाहिलं. पुस्तकातली साधी दुहाती कुऱ्हाड ७ पौंडांची, म्हणजे सव्वातीन किलोंच्या जरा आत. मिनोटॉरची कुऱ्हाड लांबी, रुंदी, जाडी सगळीकडून दुप्पट धरली तर वजन आठपट होतं, म्हणजे साधारण २५ किलो. आता 'खऱ्या आयुष्यात' हा मुद्दा दिरापुढे चुकूनही काढू नका. हराल. तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर जेजुरीला खंडोबाचा ४२ किलोंचा खंडा आहे. दसऱ्याला तो एका हातात तोलून धरायची चढाओढ लागते, आणि दातांत धरून उचलणारेही निघतात. त्यापुढे २५ किलो म्हणजे काहीच नाही. शिवाय पुस्तकाप्रमाणे १८ ताकदीचं पात्र २७० पौंड, म्हणजे १२० किलोंहून जास्त ओझं वागवू शकतं. आणि ज्या जगात खालच्या मजल्यावरची मुलगी बोटातून आगीचा गोळा सोडते, तिथं खऱ्या आयुष्याचा दाखला कोण ऐकणार?

पण खंडा तोलणाऱ्याला कोणी म्हणत नाही की आता यानं लढून दाखव. लढाईची तलवार वेगळी. युरोपातल्या दुहाती तलवारीसुद्धा बहुतेक दोन ते चार किलोंच्याच असायच्या. खंडा तोलायचा तो चारचौघांत, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गडावर, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना. मला दाट शंका आहे की दिरालाही तेच हवंय. डॅमेज हा बहाणा. ऑफिसात आठवडाभर खाली मान घालून बसणाऱ्या माणसाला रविवारी दुपारी काहीतरी अवाढव्य पेलायचं असतं. यात वाईट काही नाही. हे लक्षात ठेवलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

आता त्याचं पालुपद. नियमात बसतंय का? थोडं बसतं, थोडं बसवलंय. मोठ्या जिवाच्या हातातल्या शस्त्राला दुप्पट फासे, त्याहून मोठ्याला तिप्पट, हा नियम डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकात आहे, तेही राक्षस कसे रचायचे त्या भागात. तुम्ही मिनोटॉर किंवा अग्निदैत्य तयार करताना किती फासे द्यायचे, ते सांगण्यासाठी तो लिहिलाय. आपल्यापेक्षा मोठ्या मापाचं शस्त्र चालवताना डिसॲडव्हांटेज, ही ओळही तिथलीच. आणि तिच्या शेजारीच म्हटलंय की शस्त्र दोन किंवा त्याहून जास्त पायऱ्या मोठं असेल तर ते वापरताच येणार नाही, असं डीएम ठरवू शकतो. म्हणजे दीर तुमच्या कपाटातलं पुस्तक तुम्हालाच वाचून दाखवतोय!

तुम्ही गृहीत धरलंय की नियम त्याच्या बाजूनं आहे आणि तुमच्या हाती फक्त वहिनीपण आहे. तसं नाहीये. निवाडा करणं हे या खेळात तुमचं कामच आहे, पुस्तकानंच ते तुमच्यावर सोपवलंय. तरी 'तो नियम तुझ्यासाठी नाही' एवढं म्हणून पुस्तक मिटू नका. एक तर 'घे बाबा' तुम्हीच म्हणालात. दुसरं, नियमावर बोट ठेवणाऱ्याला नियमावरच बोट ठेवून गप्प केलं की पुढच्या रविवारी तो दुसरं पान उघडून येतो. हे मी अनुभवानं सांगतोय, कारण एके काळी ते पान उघडणारा मीच होतो.

याच खेळाच्या २००३ साली आलेल्या साडेतीन (३.५) आवृत्तीच्या काळात 'मंकी ग्रिप' नावाची फीट, म्हणजे पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य, होती. ती घेतली की एक माप मोठं शस्त्र धरता यायचं, बदल्यात प्रत्येक वाराला उणे दोन. दुहाती तलवारीचे दोन डी-६ व्हायचे तीन डी-६, सरासरी ७ वरून साडेदहा. मी ती घेतली आणि वर्षभर छाती फुगवून बसलो. मग आमच्यातल्या एका गप्प गप्प मुलानं हिशेब मांडून दाखवला: पॉवर अटॅक नावाच्या दुसऱ्या फीटमध्ये तेच उणे दोन सोसले तर दुहाती शस्त्राला सरळ अधिक चार मिळतात. म्हणजे माझ्या राक्षसी तलवारीनं माझं अर्ध्या पॉइंटचं नुकसानच होत होतं. तरी मी ती सोडली नाही. का ते वर खंड्याच्या निमित्तानं सांगून झालंय.

म्हणून तुमच्याही टेबलाचा हिशेब मांडू. पाचव्या लेव्हलचा बार्बेरियन, ताकद १८, रेज (डॅमेज वाढवणारा त्याचा संताप) चालू, समोर १५ आर्मर क्लासचा (वार बसायला फाशानं गाठायचा आकडा) शत्रू. साधी कुऱ्हाड आणि रेकलेस अटॅक, म्हणजे ॲडव्हांटेज शाबूत: एका वाराला सरासरी साडेअकराच्या जरा वर. मिनोटॉरची कुऱ्हाड आणि रेकलेस अटॅक, म्हणजे फासा सरळ: सरासरी १३. ज्या पहिल्या पळवाटेवरून तुमचं डोकं दुखतंय, ती दर वाराला दीड पॉइंटसुद्धा देत नाही. शत्रूचा आर्मर क्लास १८ झाला की दोन्ही जवळपास सारख्याच, आणि १९ ला साधी कुऱ्हाड पुढे जाते. मोठ्या कुऱ्हाडीचे वार जास्त चुकतात, पण बसलेला वार सगळ्यांच्या लक्षात राहतो. फाशावर वीस पडून (तेव्हा डॅमेजचे फासे दुप्पट होतात) चार डी-१२ खडखडले की आतून सासूबाईही विचारत असतील, कोण मेलं गं? तो आवाज तुमच्या कानात राहिलाय. चुकलेले वार कोणाच्याच लक्षात नाहीत.

तेव्हा ही पहिली पळवाट त्याच्याकडे राहू द्या. खरंच. तिच्यावर नवा नियम करायला गेलात तर फसाल. सहज सुचणारा तोडगा म्हणजे डिसॲडव्हांटेज काढून सरळ उणे दोन लावायचे. पण मग रेकलेसचा ॲडव्हांटेज कापायला काही उरत नाही आणि त्याची सरासरी १३ वरून १६ च्या वर जाते. दीर तुम्हाला पेढे आणून देईल.

दुसरी युक्ती मात्र वेगळ्या जातीची आहे. एनलार्जनं अंगावरचं आणि हातातलं सगळं माणसाबरोबर मोठं होतं, म्हणून कुऱ्हाड आधी खाली ठेवायची ही चलाखी. ती मंत्राच्या शब्दांत बसते, हे मान्य करावं लागेल. इथं ॲडव्हांटेजही शाबूत आणि दोन डी-१२ही शाबूत, सरासरी १८ च्या आसपास. साधी कुऱ्हाड घेऊन एनलार्ज झाला असता तर मंत्राचा जादा डी-४ धरून १४ मिळाले असते. हा चार पॉइंटांचा फरक खराच आहे, आणि तुमचे राक्षस त्यामुळेच लवकर मरतायत.

पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती ही कुऱ्हाड नव्हे. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहून गेलात, 'तिची तर काही तक्रारच नाही'. त्या मुलीच्या बाजूनं एकदा बघा. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे दुसऱ्या पातळीचे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, असतात तीन. त्यातला एक दर लढाईत दिरावर जातो. एनलार्जला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे तो चालू असेपर्यंत तिला कॉन्सन्ट्रेशनचा दुसरा कुठलाही मंत्र टाकता येत नाही. कोणी तिला तडाखा दिला आणि तिचं लक्ष मोडलं तर दीर लहान होणार, म्हणून तिनं मागेही उभं राहायचं. जिला नुकताच आगीचा गोळा मिळालाय, ती मुलगी दर रविवारी चार तास बार्बेरियनचा स्टँड होऊन बसते. मग मोबाइल बघणार नाही तर काय करणार?

ही पळवाट फुकट नाहीये. तिची किंमत कोणीतरी मोजतंय, पण ते दीर नाही. तुम्ही मला विचारलंत, नियमात बसतंय तर बंद करू शकते का. मी तुमच्या जागी असतो तर स्वतःला विचारलं असतं: याचा खर्च कोणाच्या खिशातून जातोय, आणि तो ज्याला मजा येतेय त्याच्या खिशात कसा टाकता येईल? तुमच्याकडे कुऱ्हाड असेल, आणखी कोणाकडे घोडा असेल, कोणाकडे हमखास चालणारा एखादा मंत्र असेल. प्रश्न तोच लावून बघा.

असले नियम लिहिणाऱ्यांनाही हे कळायला वेळ लागलाच. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत एक बार्बेरियन मुद्दाम राक्षसी शस्त्र घेऊनच सुरुवात करतो. रेजचं जादा डॅमेज २ वरून ६ होतं, पण शस्त्र हातात असेपर्यंत तो 'क्लम्झी', म्हणजे हालचालीला बोजड. आणि स्पष्ट लिहिलंय की ही अडचण कशानंही पुसता येणार नाही. मोठेपणही त्याचंच आणि ओझंही त्याचंच.

तुमच्याकडे याच धर्तीवर एक छोटा नियम पुरेल. २५ किलोंची कुऱ्हाड जमिनीवरून उचलून पवित्र्यात यायला पूर्ण ॲक्शन, म्हणजे त्या फेरीतली वाराची पाळी, लागेल. एवढंच. साधं शस्त्र उचलणं वाराबरोबर फुकट होतं, हे तसं होणार नाही. हिशेब करून पाहिलाय: तीन-चार फेऱ्यांच्या लढाईत साधी कुऱ्हाड घेऊन एनलार्ज होणंच फायद्याचं पडतं, पाचव्या फेरीला दोन्हींची बरोबरी होते. मग ही युक्ती मोठ्या, शेवटच्या लढाईसाठी राहील आणि तिथं ती शोभूनही दिसेल. एक अख्खी फेरी तो वाकून कुऱ्हाड उपसतोय, बाकीचे त्याला आडोसा देतायत, आणि मग तो उभा राहतो. तुम्ही डीएम आहात, याचं वर्णन कसं करायचं ते मी काय सांगू.

बंदी घालू शकता का? शकता. पण तीन महिने हातात असलेली वस्तू काढून घेतलीत तर ती त्याला हिसकावल्यासारखीच वाटेल, मग नियम कितीही तुमच्या बाजूचा असो. मोठे राक्षस आणायचा मोह होईल, तो आवरा. दिराला झेपणारा राक्षस क्लेरिकला एका तडाख्यात आडवा करतो आणि भुर्दंड पुन्हा भलत्यालाच. रोज चिलखती शत्रू आणणं हीही तीच गत. दोन रविवारांत त्याच्या लक्षात येईल की सगळ्या गुहेनं १८ चे आर्मर क्लास त्याच्यासाठी शिवून घेतलेत.

बोलायचं कधी? रविवारी नाही, टेबलावर तर नाहीच. खेळ रंगात असताना निवाडा बदलला की तो नियमाचा राहत नाही, दीर-वहिनीचा होतो, आणि सासूबाई आतून बाहेर येतात. मंगळवार-बुधवारी, चहाच्या वेळी, दोघंच असताना बोला. नवऱ्याकरवी निरोप पाठवू नका. त्यानं हात झटकलेत म्हणून तुम्हाला राग आलाय हे पत्रात दिसतंय, पण या बाबतीत त्याचं बरोबर आहे. मोठ्या भावानं सांगितलं की ते दटावणं होतं.

साधारण असं काही बोलता येईल: 'अरे, कुऱ्हाड मीच दिली, ती तुझीच. रेकलेसवालं चालू दे. पण खाली ठेवून उचलायची गंमत आता दर लढाईत होतेय आणि त्यात तिचा एक मंत्र आणि अख्खी लढाई जाते. पुढच्या रविवारपासून उचलायला पूर्ण ॲक्शन. तुला काही वेगळं सुचत असेल तर शनिवारपर्यंत सांग.' शेवटचं वाक्य गाळू नका. एवढी पानं उलटणारा माणूस त्याच ताकदीनं तोडगाही शोधू शकतो, त्याला फक्त आपल्या बाजूला बसवायचं असतं. माझ्या मंकी ग्रिपचा हिशेब मांडणारा तो मुलगा पुढे आमचा डीएम झाला, आणि नियमाचं भांडण निघालं की तो पहिल्यांदा मलाच विचारायचा.

तो 'पण वहिनी, नियमात...' म्हणालाच, तर वाद घालू नका. 'हो, बसतंय. म्हणूनच मी नियम बदलतेय' म्हणा आणि चहा ओता.

एक काम मात्र याही आधी करायचं. त्या मुलीला एकटीला गाठा. जिन्यात भेटेल तेव्हा विचारा, तुझ्या विझार्डला पुढच्या वेळी काय करायला आवडेल? एनलार्जचं नाव काढू नका, दिराचंही नाही, नाहीतर ती शहाण्या मुलीसारखी 'नाही ताई, मला चालतं' म्हणून मोकळी होईल. ती आगीच्या गोळ्याबद्दल बोलली तर एखादी अरुंद गल्ली आणि वीस गॉब्लिन तयार ठेवा, तिथं बार्बेरियन पुढे उभा राहिला तर भाजणार आहे. आणि समजा ती म्हणाली की मला आवडतं त्याला मोठं करायला, माझ्यामुळेच तर तो जिंकतो, तर माझा निम्मा सल्ला बाद. मग फक्त एवढंच विचारा की मोबाइलमध्ये काय बघत असतेस. कदाचित तीही नियमच वाचत असेल.